पाच मिनिटं हात लावायचा नाही

माझा नवरा रणजीत रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चाकणहून घरी यायचा आणि हातपाय धुऊन झाले की पहिलं काम म्हणून एका माणसाला घालवायचा. तो माणूस चित्रातला होता. पिवळं हेल्मेट, निळा शर्ट, वर केलेला अंगठा. रणजीतच्या कंपनीनं सगळ्या लॅपटॉपवर तो स्क्रीनसेव्हर म्हणून बसवला होता. पाच मिनिटं कुणी कळ दाबली नाही की समोरचं काम झाकलं जायचं आणि हा हसत पुढे यायचा. त्याच्या पायाशी मराठीत सुरक्षिततेचं एक वाक्य असायचं. सासूबाई त्याला टोपीवाला म्हणत.

"आला बघ तुझा टोपीवाला," त्या सोफ्यावरून सांगत. "घालव त्याला."

एकदा त्यांनी विचारलं, त्याच्या पायाशी काय लिहिलंय. त्यांना वाचता येत नाही. रणजीत म्हणाला, "कामं करा, टिवल्याबावल्या करू नका, असं लिवलंय."

"मंग तुझ्यासाठीच हाय ते," सासूबाई म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला. खरं वाक्य वेगळं होतं. मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की वाचणं सोडून दिलं होतं.

टोपीवाल्याला घालवायची पद्धत ठरलेली होती. आधी वायफाय बंद करायचं, कारण कंपनीचे नियम नेटवरून उतरत. लॅपटॉप नेटला जोडला की रणजीतनं केलेले बदल पुसले जाऊन टोपीवाला परत येई. रणजीत प्रेस टूल, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, डिझाइन करायचा. त्याच्या सॉफ्टवेअरसाठी त्याला लॅपटॉपवर इतरांपेक्षा थोडे जास्त अधिकार दिलेले होते आणि ते तो या कामी वापरायचा. कंपनीचा स्क्रीनसेव्हर काढून त्याजागी स्वतःच्या फोटोंचं फोल्डर लावायचा, लॅपटॉप टीपॉयवर सासूबाईंकडे तोंड करून ठेवायचा आणि म्हणायचा, "आई, पाच मिनिटं हात लावायचा न्हाई. मग येतंय बघ."

सासूबाई हात मांडीवर घेऊन बसत. पाच मिनिटांनी फोटो सुरू होत.

हे सगळं त्यांच्यासाठी होतं. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, आणि पिंपळे गुरवमध्ये जन्म काढलेली बाई चौथ्या मजल्यावर अडकली. ही इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथं त्यांचंच शेत होतं. खिडकीपाशी उभं राहून त्या बांध कुठे होता, विहीर कुठे होती ते हातानं दाखवत. मला समोर पलीकडच्या इमारतीची गॅलरी आणि तिथं वाळत घातलेले कपडे दिसत.

तसे दहाएक महिने गेल्यावर रणजीत कामावर जाताना रोज एक फोटो काढायला लागला. एकच. भैरवनाथाच्या देवळाची पायरी. नदीकाठचा पिंपळ. ज्या गल्लीत त्यांचं जुनं घर होतं तिथलं नळाचं तोंड, जे का कोण जाणे अजून तसंच आहे. सुट्टीच्या दिवशी तो थेरगावला डांगे चौकात जाऊन गिरजाबाईंचा फोटो काढून आणायचा. त्या सासूबाईंच्या लहानपणच्या मैत्रीण, तिथं भाजी विकतात. प्रत्येक फोटोत त्या कोथिंबिरीची जुडी उचलून कॅमेऱ्याला दाखवत. "लई नाटकी हाय ही," असं सासूबाई दर वेळी म्हणत आणि त्या फोटोची पुढची फेरी येईपर्यंत वाट बघत.

चौदा महिन्यांत तीनशे अकरा फोटो झाले होते. प्रत्येक फोटो सहा सेकंद राहायचा. सगळी फेरी एकतीस मिनिटांत पुरी व्हायची. हे मी मोजलं होतं, कारण मला मोजायची सवय आहे. मी तळवड्याच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. कारखान्यांची मोजमापाची साधनं आमच्याकडे तपासायला येतात. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला जातो. आलेलं मायक्रोमीटर उघड उघड चुकीचं दाखवत असलं तरी त्याला हात लावायचा नाही. आधी ते आल्या स्थितीत काय दाखवतं ते लिहून घ्यायचं. एकदा दुरुस्त केलं की आधी ते कसं होतं हे कळायला जगात कुठलाच मार्ग उरत नाही. आधी नोंद, मग हात. हे वाक्य मी नऊ वर्षं लोकांना सांगत आले आहे.

या स्क्रीनसेव्हरला माझा विरोध होता. मी तो एकदा बोलूनही दाखवला. त्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं होतं की मुळात ही चित्रं कशासाठी असतात. मी त्यांना सांगितलं की पूर्वीच्या पडद्यांच्या काचेला आतून एक लेप असायचा. एकच चित्र महिनोन् महिने एका जागी राहिलं तर तो लेप तेवढ्याच जागी जळायचा आणि पडदा बंद केला तरी चित्राचा डाग दिसत राहायचा. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तसा एक हिरवा पडदा होता, त्यावर एका तक्त्याच्या रेघा कायमच्या उमटल्या होत्या. म्हणून काम थांबलं की काहीतरी हलतं चित्र लावून ठेवायचं, म्हणजे काचेच्या कुठल्याच जागेवर भार येत नाही.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "एका कुशीवर लई येळ राह्यलं की डाग पडायचाच. मला दवाखान्यात न्हाई का पडला पाठीला. नर्सबाई दर दोन घंट्यांनी वळवायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् आताच्या काचंला पडतो का?"

मी म्हटलं, या पडद्यांना तसा लेप नसतो. आता त्याची गरज नाही. उलट वीज जाते. पडदा काळा होऊ देणं हेच सगळ्यात चांगलं.

रणजीत जेवत होता. तो म्हणाला, "काळा झाला की आई विचारते, बंद पडलं का." तेवढंच. मग त्यानं अजून एक भाकरी मागितली. माझं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा तिथं काहीच उपयोग नव्हता, हे मला त्या वेळी कळलं नाही.

तो गेला त्या मंगळवारी लॅपटॉप घरीच होता. पत्रा साच्यात दाबला की कुठे फाटेल याचं एक लांबलचक गणित त्यानं रात्री लावून ठेवलं होतं. ते अठरा तास चालणार होतं. मध्येच बंद पडू नये म्हणून त्यानं लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय केली, वायर लावून टीपॉयवर ठेवला आणि ट्रायलसाठी मोटारसायकलवर चाकणला गेला. चाकणच्या पुढे एका कंटेनरनं वळण घेताना त्याला बघितलं नाही. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याचा मोबाइल त्याच्या वरच्या खिशात होता. पोलिसांनी तो मला एका पिशवीत घालून दिला, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदारानं पिशवी उघडून बघितली आणि परत दिली. नवे फोटो तो रोज मोबाइलमधून लॅपटॉपमध्ये टाकून मोबाइलमधून काढून टाकायचा. त्यामुळे मोबाइल वाचला असता तरी फारसं काही मिळालं नसतं.

घरात माणसं भरली. हॉलमध्ये सतरंज्या पडल्या. टीपॉय कोपऱ्यात सरकवला गेला आणि त्यावर फोटो चालूच राहिले. देवळाची पायरी, पिंपळ, नळ, गिरजाबाई. कुणीतरी नात्यातल्या बाईनं म्हटलं की ते बंद करा, बरं दिसत नाही. सासूबाईंनी वॉकर पुढे ओढला. त्या म्हणाल्या, "हात लावू नका त्याला."

कुणी लावला नाही. दहावा झाला, तेरावा झाला, माणसं गेली. सासूबाई सकाळी चहा घेऊन वॉकर ढकलत टीपॉयसमोर येत आणि बसत. त्या रडत नव्हत्या. रणजीत त्या कुठल्याच फोटोत नव्हता, कारण तो काढणारा होता. फक्त एका फोटोत त्याची सावली होती. जुन्या गल्लीतला रस्ता, सकाळचं ऊन त्याच्या पाठीमागून आलेलं, आणि रस्त्यावर लांबच लांब पडलेली सावली, कोपर बाहेर काढून मोबाइल धरलेली. तो फोटो आला की सासूबाई किंचित पुढे वाकत. सहा सेकंद झाले की मागे टेकत. मग एकतीस मिनिटं.

त्याचं गणित केव्हाच सुटलं असणार. त्या फोटोंच्या मागे उत्तर तयार होऊन पडलं होतं. आम्हाला तिथपर्यंत जाता येत नव्हतं. कळ दाबली असती तर लॅपटॉपनं पासवर्ड मागितला असता, आणि तो मला माहीत नव्हता. वीज जाऊन बॅटरी संपली असती तर लॅपटॉप बंद झाला असता, आणि परत सुरू करतानाही तोच पासवर्ड लागला असता. म्हणजे ते फोटो बघता येत होते, घेता येत नव्हते. जोवर वीज आहे आणि कुणाचा हात लागत नाही, तोवरच ते होते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी माझ्या मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून बघितला. सावलीचाच. तो वाईट आला. पडद्याचे ठिपके आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर येऊन सगळीकडे नागमोडी रेघा उमटल्या होत्या, आणि काचेत खोलीचं प्रतिबिंब दिसत होतं. असल्या तीनशे अकरा नकला काढून काय करायचं, असं मला वाटलं. मला खरी प्रत हवी होती. मी तो फोटो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, आधीचे दोन गुरुवार तेवढी गेली नव्हती, आणि माझ्या लॅबलाही गुरुवारचीच सुट्टी असते. दहा वाजता पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती. तासाभरानं त्याच्या कडेचा बारीक दिवा लाल झाला. मी शेजारून, वरच्या मजल्यावरून अशा तीन एक्स्टेंशन वायरी गोळा केल्या आणि लिफ्टजवळच्या जिन्यातल्या पॉइंटपर्यंत नेल्या, कारण तेवढा पॉइंट जनरेटरवर चालतो. दार उघडं ठेवून मी उंबऱ्यात बसून राहिले, कुणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून. साडेतीनला वीज आली. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या गुरवारी?" मी म्हटलं, काहीतरी करते.

शुक्रवारी कंपनीतून फोन आला. भीमराज नावाचा कॉम्प्युटर विभागातला मुलगा होता, तेविसेक वर्षांचा वाटला आवाजावरून. तो बराच वेळ मूळ गोष्टीवर येईना. मग म्हणाला की लॅपटॉप परत घ्यायचा आहे, यादीत नाव आलंय, त्याला फार वाईट वाटतंय. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. रणजीत सरांनी आपल्याला मशीनवर उभं करून ड्रॉइंग वाचायला शिकवलं होतं, असं म्हणाला. रीतसर अर्ज केला तर तो पुण्याच्या ऑफिसला जाईल आणि तिथून काय उत्तर येईल सांगता येत नाही, असंही म्हणाला.

"तुम्ही एक करा वहिनी," शेवटी तो म्हणाला. "सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटा असतो. तेव्हा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडा. पासवर्ड टाकायच्या पडद्यावर खाली खूण असते, तिथनं जोडता येतो. मी इकडनं नवीन पासवर्ड सोडतो. तुम्ही आत जा, फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. मंगळवारी मी स्वतः येऊन लॅपटॉप घेऊन जातो. कुणाला कळायचं नाही."

माझ्या मनात टोपीवाला आला. मी विचारलं, नेटला जोडल्यावर कंपनीचा स्क्रीनसेव्हर परत येईल ना. तो म्हणाला, येईल, पण तो वर येईल, खालचे फोटो कुठे जात नाहीत. हे बरोबर होतं. स्क्रीनसेव्हर बदलला म्हणून फोल्डर पुसलं जात नाही. मी शनिवार-रविवार ते पुनःपुन्हा तपासून बघितलं आणि मला त्यात चूक सापडली नाही.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा काढली. नवा पेनड्राइव्ह आणला, माझ्या लॅपटॉपवर लावून तो चालतो की नाही ते बघितलं. सासूबाईंना सांगितलं की मी आता याला हात लावणार आहे, थोडा वेळ फोटो जातील, मग ते कायमचे आपले होतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नीट कर," एवढंच म्हणाल्या.

एक वाजून पाच मिनिटांनी मी कळ दाबली. फोटो गेले आणि पासवर्डची चौकट आली. त्यावर रणजीतचं नाव होतं. मी वायफाय जोडलं आणि भीमराजला फोन केला. तो म्हणाला, दिसतोय, दिसतोय, पाच मिनिटं थांबा. मी फोन चालू ठेवून थांबले. सासूबाई हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाच मिनिटं झाली तेव्हा पडदा हलला आणि पिवळं हेल्मेट घातलेला माणूस अंगठा वर करून समोर आला.

"टोपीवाला आला," सासूबाई म्हणाल्या. वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जरा धार होती. "तनुजा, घालव त्याला."

मी म्हटलं, घालवते आई, पासवर्ड येऊ दे.

त्या बघत होत्या. "काय लिवलंय ते? खरं सांग. त्यानं मला काहीबाही सांगितलं व्हतं."

मी वाचलं. "सुरक्षित काम करा. घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. टोपीवाला हसत होता. मग तो गेला, पडदा निळा झाला आणि मध्यभागी एक गोल फिरायला लागला. त्याखाली लिहिलं होतं की संगणक मूळ स्थितीत नेला जात आहे, तो बंद करू नये. शेजारी आकडा होता. चार टक्के.

मी फोनवर भीमराजला तो मजकूर वाचून दाखवला. पलीकडे काही वेळ फक्त कळांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "वहिनी, बंद करा. बटण दाबून धरा. लगेच."

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. त्यानं सांगितल्यावर परत सुरू केला, तर आकडा अकरावर होता. मी पुन्हा बंद केला. मग तो म्हणाला की आता राहू द्या. आतली सगळी माहिती कुलपात असते, त्याची किल्ली पहिल्याच मिनिटाला नष्ट होते, बाकीचा नुसता झाडूपोछा असतो.

ते कसं झालं ते त्यानं मंगळवारी घरी आल्यावर सांगितलं. रणजीत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्यातरी विभागात कुणीतरी त्याचं खातं बंद करायचा फॉर्म भरला होता. फॉर्ममध्ये कारण निवडावं लागतं. तिथे 'नोकरी सोडली' निवडलेलं होतं. नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप नेटला जोडला की आपोआप पुसला जावा, असा आदेश त्याच्याबरोबर जातो. तो आदेश सतरा दिवस लॅपटॉप नेटवर येण्याची वाट बघत होता. भीमराजला ते दिसलं नव्हतं, कारण पुसायच्या लॅपटॉपची यादी त्याच्याकडे येत नाही. हे सांगताना तो बुटांकडे बघत होता. चहा त्यानं घेतला नाही. मी त्याला लॅपटॉप, वायर आणि रणजीतची बॅग दिली. बॅग त्याला लागत नव्हती, पण तो नाही म्हणाला नाही.

चूक त्याची नव्हती. मी नऊ वर्षं शिकवते ती गोष्ट मी केली नव्हती. मोबाइल समोर धरून एकतीस मिनिटं बसले असते, तर रेघारेघांचे का होईना, तीनशे अकरा फोटो आल्या स्थितीत माझ्याकडे असते. मला खरी प्रत हवी होती म्हणून मी नोंद केली नाही, आणि हात लावला.

सासूबाईंना मी सोमवारीच सांगितलं. त्यांच्यापासून लपवायचा विचार माझ्या मनात आला होता. लॅपटॉप कंपनीनं नेला, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण त्या समोर बसल्या होत्या आणि काळ्या पडद्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, आई, ते गेले. मी नेटला जोडलं म्हणून गेले.

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "हात लावायचा न्हाई म्हणलं व्हतं त्यानं."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त जे खरं होतं ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. टीपॉयवर मी स्टीलचा तांब्या आणि भांडं ठेवलं. सकाळी चहा झाला की त्या वॉकर घेऊन निघत, टीपॉयपर्यंत येत, आणि मग काहीतरी विसरल्यासारख्या परत आपल्या खोलीत जात. दोन घास कमी खात. मी आग्रह केला की म्हणत, "बसून बसून भूक लागंना." खिडकीतून हात दाखवणं त्यांनी बंद केलं.

पुढच्या सोमवारी लॅबमध्ये एक नवी मुलगी आली. दिव्या नाव. मी तिला टेबलापाशी उभं केलं आणि घड्याळासारखी तबकडी असलेलं एक डायल गेज पुढे ठेवलं. काटा शून्यावर नव्हता. तिनं सरळ हात पुढे करून तो शून्यावर आणायला घेतला. मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा, कारण ती दचकली. मी म्हटलं, आधी नोंद, मग हात. ती वही शोधायला वळली, आणि मला आठवलं की एक नोंद मी केली होती. केली होती आणि पुसली होती.

मी बाहेर जिन्यात जाऊन मोबाइल काढला. पुसलेले फोटो तीस दिवस एका वेगळ्या कप्प्यात राहतात, हे मला माहीत होतं. रोज वापरायची गोष्ट नसल्यामुळे ते सुचलं नव्हतं. कप्प्यात तो एकच फोटो होता. त्याखाली लिहिलं होतं, अठरा दिवस शिल्लक. मी तो परत आणला. मग तीन ठिकाणी त्याच्या प्रती ठेवल्या आणि प्रत्येक प्रत उघडून बघितली. त्यानंतर मी आत जाऊन दिव्याची माफी मागितली.

घरी गेले तेव्हा उजेड होता. सासूबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्या रेघा कसल्या?"

मी म्हटलं, दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की तशा रेघा दिसतात. त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांचं बोट पडद्यापासून थोड्या अंतरावर, न टेकता, रस्त्यावरून सरकत होतं.

"त्याची सावली."

"हो."

"आन् हे पांढरं?"

मी वाकून बघितलं. मी हे पूर्वी नीट बघितलं नव्हतं. लॅपटॉपच्या काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं. खालच्या कडेला एक पांढरा गोल होता, पदर डोक्यावर घेतलेला. "तुम्ही आहात," मी म्हटलं. "समोर बसला होतात."

"आन् ही मागं उभी?"

"मी."

सावली माझ्या आणि त्यांच्या मधून गेली होती. सासूबाई किंचित पुढे वाकल्या. मी मनातल्या मनात सहा मोजले, पण फोटो बदलला नाही. तो तसाच राहिला. त्या बघत राहिल्या.

तीस सेकंद झाले तेव्हा पडदा आधी मंद झाला, मग काळा.

त्यांनी मोबाइल अलगद पलंगावर ठेवला, आपल्यापासून वीतभर दूर, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बोटं आत मुडपून घेतली, म्हणजे चुकूनही लागणार नाहीत.

"आई," मी म्हटलं, "याला हात लावावा लागतो."

"थांब," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं थांब."

मोबाइलला तसा स्क्रीनसेव्हर नसतो. तो आपोआप उजळत नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि माझेही हात मांडीवर ठेवले.